रोवणीचे दिवस आणि मार्थेची धांदल



रविवारची मिस्सा आटोपली की आम्ही चर्चच्या दारात उभे राहतो. आपण सर्वजण हात जोडून "जय येशू, फादर" म्हणत बाहेर पडता. "कसं काय चाललंय?" असे आम्ही विचारले की दहांपैकी आठ जणांचे उत्तर ठरलेले असते, "टाईमच नाही जी, फादर!" रेल्वेत असलेल्यांची ड्युटी कधी रात्रीची तर कधी पहाटेची. राईस मिलमध्ये जाणारा घरी परततो तेव्हा मुले झोपलेली असतात. शिक्षक बंधु-भगिनी शिकवण्यापेक्षा मोबाईलवर माहिती भरण्यातच दमून जातात. आणि सध्या तर रोवणीचे दिवस! पऱ्हे तयार आहेत तर रोवणाऱ्या बाया मिळत नाहीत. बाया मिळाल्या तर बांधीत पाणी नाही. पाणी आले तर खताला पैसे नाहीत. अशा वेळी माणूस शरीराने मिस्सेला येतो, मन मात्र बांधीवर, बँकेत, नाहीतर पुण्याला गेलेल्या पोराकडे असते. वेदीवरून हे आम्हाला दिसत असते बरे का!

पण दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी आमचीच गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी, असेच पावसाळ्याचे दिवस होते. एका गावातून निरोप आला की एक म्हातारबाबा फार आजारी आहेत, आजाऱ्यांना पवित्र तेल लावण्याचा संस्कार हवा आहे. आम्ही मोटारसायकलने गेलो. संस्कार दिला, ख्रिस्तप्रसाद दिला. बाबांना काहीतरी बोलायचे होते. त्यांनी आमचा हात धरून ठेवला होता. त्याच वेळी आमच्या खिशातला फोन तीन वेळा थरथरला. हॉलच्या छताचे टिन येणार होते आणि ठेकेदार पत्ता विचारत होता. आम्ही फोन उचलला नाही, पण डोळे दोनदा घड्याळाकडे गेले. बाबांनी हात सोडला आणि म्हणाले, "फादर, तुम्ही घाईत दिसता. मंग सांगीन." आम्ही "येतो पुन्हा" म्हणून निघालो. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा वारले. त्यांना काय सांगायचे होते ते आजवर आम्हाला कळलेले नाही, त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नाही. आणि टिन? ते काही त्या दिवशी आलेच नाहीत. आठ दिवसांनी आले.

आम्ही हे पाप म्हणून पापनिवेदनात सांगितले. क्षमा मिळाली, यावर आमचा विश्वास आहे. पण त्या हाताची आठवण जात नाही. त्या दिवशी आम्ही कुठे होतो? त्या खोलीत तर नव्हतोच. टिन जिथे यायचे होते तिथेही नव्हतो. म्हणजे खरे पाहता आम्ही कुठेच नव्हतो. आजचा अभ्यास याच प्रश्नावर आहे.

मार्था कुठे चुकली?

दर तीन वर्षांनी, वर्ष 'क' मध्ये, सामान्य काळाच्या सोळाव्या रविवारी संत लूकच्या दहाव्या अध्यायातील मार्था आणि मरियेची कथा वाचली जाते. हा रविवार जुलै महिन्यात, नेमका आपल्या रोवणीच्या धांदलीत येतो. येशू घरी आला आहे. मरिया त्याच्या पायांशी बसून ऐकते आणि मार्था स्वयंपाकाच्या ओढाताणीत आहे. शेवटी ती येशूकडेच तक्रार करते.

आमच्या धर्मग्रामातील मायमाउल्यांना ही कथा फारशी आवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. एकीने तर स्पष्टच विचारले होते, "फादर, दोघीही बसल्या असत्या तर येशूला जेवायला कोणी वाढलं असतं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पण कथा नीट वाचा. येशूने मार्थेला चुलीपासून उठवले नाही. पाहुण्याचा सत्कार करू नकोस असेही तो म्हणाला नाही. तो बोलला ते तिच्या मनाबद्दल. ती एकाच वेळी पुष्कळ गोष्टींची चिंता करत होती. हात भाजीत, लक्ष बहिणीकडे, मनात "मी एकटीनेच का करायचे?" हा राग. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता तो पाहुणा समोर बसलेला असून तिला दिसत नव्हता. कामामुळे येशू दूर गेला नाही, चिंतेमुळे गेला.

मार्थेची गोष्ट मात्र इथे संपत नाही, आणि आपण नेहमी इथेच थांबतो. संत योहानच्या अकराव्या अध्यायात ती पुन्हा भेटते. भाऊ लाजरस मरून चार दिवस झाले आहेत. येशू येत असल्याचे कळताच मार्था उठून वाटेवर त्याला सामोरी जाते, मरिया घरीच बसून राहते. मार्थेचे पहिले वाक्य पाहा. तू इथे असतास तर भाऊ मेला नसता, असे ती म्हणते. हा झाला भूतकाळ. भाऊ पुन्हा उठेल असे येशूने सांगितल्यावर ती म्हणते, होय, शेवटच्या दिवशी उठेल हे मला माहीत आहे. हा झाला भविष्यकाळ. दोन्ही वाक्ये खरी आहेत, श्रद्धेचीही आहेत. पण येशू तिला उत्तर देतो ते वर्तमानकाळात. पुनरुत्थान आणि जीवन मी होईन किंवा मी होतो असे तो म्हणत नाही. तो म्हणतो, मी आहे! मागे पाहणाऱ्या आणि पुढे पाहणाऱ्या मार्थेला त्याने समोर पाहायला लावले. तेव्हा तिने जी श्रद्धा प्रकट केली ती पेत्राच्या कबुलीच्या तोडीची आहे. ज्या बाईला आपण शतकानुशतके "कामात गुंतलेली" म्हणून हिणवले, तिने हे करून दाखवले. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०२१ साली, २९ जुलैचा संत मार्थाचा स्मृतिदिन मार्था, मरिया आणि लाजरस या तिन्ही भावंडांचा करण्यात आला, हे आम्हाला फार योग्य वाटते. एका घरात तिघेही लागतात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत आगुस्तीनच्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाचा अकरावा भाग आम्हाला अभ्यासाला होता. काळ म्हणजे काय, यावर तो तिथे विचार करतो. गेलेला काळ आता नाही, येणारा अजून झालेला नाही. मग 'आहे' असे कशाला म्हणावे? त्याचे म्हणणे असे की गेलेले आपल्याजवळ आठवण म्हणून असते, येणारे वाट पाहणे म्हणून असते, आणि समोरचे लक्ष म्हणून असते. तिन्ही असतात ती आत्ताच. खरे सांगायचे तर तेव्हा आम्ही हे परीक्षेपुरते पाठ केले होते. आता वाटते, यात मोठा दिलासा आहे. कालच्या पापाचा पश्चात्ताप आजच करता येतो. उद्याची आशा आजच धरता येते. देवाला भेटायचे तर दुसरी जागाच नाही.

मग उद्याचा विचार करायचाच नाही काय?

इथे शेतकरी बंधू नक्की म्हणतील, "फादर, तुमचं ठीक आहे. आम्ही उद्याचा विचार नाही केला तर पोरं उपाशी मरतील." हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ज्याच्यावर सोसायटीचे कर्ज आहे, मुलीचे लग्न तोंडावर आहे, त्याला "चिंता करू नका" असे नुसते सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. बायबल अशी थट्टा करत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले म्हणून दुष्काळात मिसर देश वाचला. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्ना रोजच्या रोज गोळा करायचा होता, उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितले, आणि तो नासला नाही! म्हणजे साठवणूक हे पाप नाही. पुढच्या हंगामाचे बियाणे बाजूला काढणे हे आजचे काम आहे, ते आजच करावे. पण कोठीतले बियाणे रात्री तीन वेळा उठून मोजणे हे काम नाही. त्यात किडे पडतात, धान्यात नाही, माणसात.

येशूने पाखरांकडे पाहायला सांगितले ते आपल्या जिल्ह्यात सोपे आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असा हा पक्षी पावसाळ्यात आपल्याच धानाच्या बांधीत घरटे करतो. नर आणि मादी आळीपाळीने महिनाभर अंडी उबवतात. ज्या शेतकऱ्यांनी थोडे धान सोडून ती घरटी जपली त्यांना हे पाहायला मिळते. सारस आळशी नाही, दिवसभर खपतो. येशूने पाखरांना रिकामटेकडे म्हटलेलेच नाही. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी (मत्तय, अध्याय सहावा) तो काय म्हणतो ते विसरू नका. उद्या सगळे छान होईल असे आश्वासन तो देत नाही. प्रत्येक दिवसाला त्याचे त्याचे दुःख असतेच, एवढे तो मान्य करतो. फक्त उद्याचे दुःख आज उचलू नका म्हणतो. एका दिवसाचे ओझे पेलण्याइतकी कृपा एका दिवसाला मिळते. दोन दिवसांचे ओझे आपण स्वतःच्या मर्जीने उचलतो आणि मग देवाने साथ दिली नाही म्हणून रुसतो.

आपल्या नागपूरच्या कॅथेड्रलचा संत

या विषयावर सल्ला द्यायला आपल्या घरचाच एक संत आहे. आपण ज्या नागपूर महाधर्मप्रांतात आहोत त्याच्या कॅथेड्रलला संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव आहे. बऱ्याच जणांना ते शाळा-कॉलेजाचे नाव म्हणूनच माहीत असते! १८३८ साली फ्रान्समधील ॲनसी येथे फादर पीटर मरी मर्मिये यांनी या संताच्या नावाने एक मिशनरी संघ स्थापन केला. त्या संघाचे धर्मगुरू १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि तिथून आपल्या मध्य भारतात आले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला, १९५३ मध्ये महाधर्मप्रांत. आपल्या वाडवडिलांपैकी काहींच्या श्रद्धेचे मूळ त्या ॲनसीच्या मातीत आहे.

संत फ्रान्सिस (१५६७–१६२२) जिनिव्हाचे बिशप होते, पण तिथे राहता येत नव्हते म्हणून ॲनसीत राहत. तरुण धर्मगुरू असताना, १५९४ पासून, ज्या भागात लोक प्रवचन ऐकायलाच येत नव्हते तिथे त्यांनी लहान लहान पत्रके लिहून घरांच्या दारांखालून सरकवली. आपल्या हातातले हे रविवारचे पत्रक त्याच घराण्यातले म्हणायचे. (ते वाचायचे असते, त्यावर भजी ठेवायची नसतात, हे जाता जाता.) बिशप झाल्यावर त्यांना क्षणाची उसंत नव्हती. गावोगावच्या भेटी, प्रवचने, भांडणे मिटवणे, आणि पत्रांचा ढीग. एवढ्या धांदलीत राहणाऱ्या माणसाने १६०९ साली 'इंट्रोडक्शन टू द डिव्हाउट लाइफ' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेही मठातल्या लोकांसाठी नाही तर संसारी माणसांसाठी. त्यांचे सांगणे असे की भक्ती ही साधू-साध्वींची मक्तेदारी नाही. कारागीर, शिपाई, विधवा, लग्न झालेली बाई, प्रत्येकाची भक्ती त्याच्या त्याच्या कामाला शोभेल अशी असावी. जी भक्ती आपले काम बिघडवते ती खरी भक्ती नव्हेच.

त्याच पुस्तकात धांदलीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात त्यांनी मार्थेचेच उदाहरण घेतले आहे. काळजी घेणे वेगळे आणि काळजी करणे वेगळे, असा त्यांचा आशय. पावसाचा दृष्टांतही दिला आहे. सावकाश पडणारा पाऊस शेताला पिकवतो, पाण्याचा लोंढा शेत बुडवतो. हे आम्ही तुम्हाला काय समजावून सांगणार? बांधी फुटली म्हणजे काय होते ते ज्याने रात्री कंदील घेऊन पाहिले आहे त्याला हा दृष्टांत आमच्यापेक्षा जास्त कळतो. पाणी तेच, पण एक रोपाच्या मुळाशी थांबते आणि दुसरे रोपच घेऊन जाते.

आम्हाला मात्र त्यांचे दुसरे चित्र अधिक आवडते. लहान मूल बापाचा हात एका हाताने धरून ठेवते आणि दुसऱ्या हाताने कुंपणाकडेची फळे तोडते. आपल्याकडे चारं-टेंभरं म्हणा. संसाराची कामे तशी करावीत, एक हात फळाकडे, एक हात स्वर्गीय पित्याच्या हातात. मधून मधून मूल वर पाहते, बाप आहे ना? एवढे वर पाहणे म्हणजेच प्रार्थना. आणि दोन्ही हातांनी फळे ओरबाडण्यासाठी बापाचा हात सोडला तर मूल तिथेच पडते.

हे नुसते पुस्तकात राहिले नाही. जेन फ्रान्सिस डी शांताल नावाच्या बाईचा नवरा १६०१ मध्ये शिकारीत चुकून गोळी लागून गेला. पदरी चार मुले, वर तापट सासरा. आधीच्या एका मार्गदर्शकाने तिच्यावर प्रार्थना आणि उपवासांचा ढीग लादला होता. १६०४ साली तिला संत फ्रान्सिस भेटले. त्यांनी ढीग कमी केला आणि कामाच्या मध्ये मध्ये लहान लहान प्रार्थना करायला शिकवले. तिच्या घरच्या नोकरांनी याबद्दल जे म्हटले ते प्रसिद्ध आहे. पूर्वी बाईसाहेब दिवसातून तीनदा प्रार्थना करत तेव्हा सगळ्या घराला ताप होई, आता दिवसभर प्रार्थना करतात आणि कोणाला कळतही नाही! ज्याच्या गोळीने नवरा गेला त्याला क्षमा करायला तिला वर्षे लागली. पण पुढे त्याच्या बाळाची ती गॉडमदर झाली. भूतकाळ असाच सुटतो. तो विसरला जात नाही, त्याच माणसासाठी आज काहीतरी चांगले केले की त्याची गाठ सैल होते. हीच बाई पुढे संत झाली.

ज्याच्याकडे वेळच वेळ होता

आता उलट उदाहरण. व्हिएतनामचे आर्चबिशप फ्रान्सिस झेवियर न्ग्युएन व्हान थुआन यांना १५ ऑगस्ट १९७५ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, अटक झाली. तेरा वर्षे ते बंदिवासात राहिले, त्यांपैकी नऊ वर्षे एकांतवासात. आपल्याला वेळ पुरत नाही, त्यांना तो सरत नव्हता. सुटकेची वाट पाहत आयुष्य घालवायचे की काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी ठरवले की आपण वाट पाहणार नाही, हातातला प्रत्येक क्षण प्रेमाने भरून जगायचा. सुरुवातीला नजरकैदेत असताना एका लहान मुलाकडून जुनी कॅलेंडरे मागवून त्यांच्या पाठीवर आपल्या लोकांसाठी चिंतने लिहिली. पोटाचे औषध म्हणून थोडा द्राक्षरस मागवला आणि तळहातावर तीन थेंब द्राक्षरस व एक थेंब पाणी घेऊन मिस्सा केली. पहारेकऱ्यांशी इतक्या मायेने वागले की पहारेकरी त्यांचे मित्र झाले. २१ नोव्हेंबर १९८८ रोजी ते सुटले, २००१ साली कार्डिनल झाले, २००२ मध्ये रोममध्ये वारले. २०१७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना 'पूजनीय' घोषित केले.

म्हणजे वर्तमानात जगणे हे वेळ असण्यावर अवलंबून नाही, आणि नसण्यावरही नाही. निवृत्त झाल्यावर रोज मिस्सेला येईन, मुले मोठी झाली की बायबल वाचीन, असे म्हणणारे पुष्कळजण आम्ही पाहिले. निवृत्त झाल्यावर आलेले फार थोडे.

आपण रोज जपमाळ म्हणतो. नमो मरियेच्या शेवटी मरियामातेला कोणत्या वेळी विनंती करायला सांगतो? दोनच वेळा आपण उच्चारतो, आता आणि मरणाच्या वेळी. कालची नाही, उद्याची नाही. पन्नास मण्यांवर पन्नास वेळा 'आता' म्हणतो आणि त्याच वेळी दुधाचा हिशेब करतो! एक दिवस या दोन वेळा एकच होतील. आमच्या त्या म्हातारबाबांच्या त्या झाल्या, आणि त्यांच्या 'आता'मध्ये आम्ही त्यांच्यासोबत नव्हतो.

तेव्हापासून आम्ही एक साधी गोष्ट पाळतो. आजाऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी फोन बंद करून मोटारसायकलच्या डिकीत ठेवतो. यासाठी दोघा-तिघांचा राग ओढवून घेतला आहे, त्यांनी समजून घ्यावे. आपल्यालाही आपापली अशी एखादी जागा सापडेल. बांधीत पाय टाकताना क्रुसाची खूण. गाडी सुटायच्या आधी एक मिनिट. पोर शाळेतून येऊन काही सांगू लागले की पोळी लाटणे न थांबवताही त्याच्याकडे बघता येते. ठराविक प्रार्थना एकाने एक धराव्यात, दहा धरू नयेत.

या आठवड्यात लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत लूक १०:३८-४२ आणि योहान ११:१७-२७ हे दोन्ही उतारे एकापाठोपाठ वाचावेत. चर्चेसाठी प्रश्न एवढाच ठेवावा की गेल्या आठवड्यात आपल्याशी कोणाला काहीतरी बोलायचे होते आणि आपण घाईत होतो? नाव सांगण्याची गरज नाही. रोवणीमुळे ज्या गावांना बैठक रात्रीच जमेल त्यांनी आम्हाला आधी कळवावे, आम्ही उशिरा येऊ. आणि ती व्यक्ती अजून हयात असेल तर बैठकीची वाट न पाहता आज दुपारीच तिच्याकडे जाऊन यावे.

आपला,
धर्मगुरू